वाटांची पुस्तकं : बडोदेकराला किती खर्च येतो?

साल्हेरच्या किंवा हातगडच्या किल्ल्यावर जायचं ठरलं आणि त्यासाठी पुस्तक शोधायला निघालं की बडोद्यातल्या मराठी माणसापुढे पहिला प्रश्न किमतीचा नसतो, पुस्तक मिळण्याचा असतो. डोंगरवाटांवरची मराठी पुस्तकं निघतात प्रामुख्याने पुण्या-मुंबईत. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात मराठी बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण दुकानातल्या मराठी कप्प्यात स्तोत्रं, पंचांग आणि चारदोन गाजलेल्या कादंबऱ्या सापडल्या तरी खूप. मग माणूस मोबाइलवरून मागवतो, न बघता मागवतो, आणि तीन पुस्तकं मागवून त्यांतलं एकही कामाचं निघत नाही. हा खर्च टाळता येतो. त्यासाठी आधी एक गोष्ट ठरवावी लागते : कोणत्या पुस्तकावर पैसे घालायचे आणि कोणत्यावर नाही.

माझं मत स्पष्ट आहे. वाटेवर बरोबर न्यायचं पुस्तक नवं, ताज्या आवृत्तीचं आणि स्वतःच्या पैशानं घेतलेलं असावं. घरी बसून वाचायचं, म्हणजे कादंबरी, प्रवासवर्णन, शिकारकथा, हे वाचनालयातून, जुन्या बाजारातून किंवा फुकट मिळालं तरी त्याचं काही बिघडत नाही. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. गो. नी. दांडेकरांच्या, म्हणजे गोनीदांच्या, कादंबरीची सुंदर छापलेली नवी प्रत विकत घेतली जाते आणि मार्गदर्शक म्हणून काकांच्या कपाटातलं तीस वर्षांपूर्वीचं पुस्तक पिशवीत पडतं.

मार्गदर्शक पुस्तक : इथे हात आखडू नका

मराठीत या प्रकारची पुस्तकं पुष्कळ आहेत. प्र. के. घाणेकरांचं ‘साद सह्याद्रीची, भटकंती किल्ल्यांची’, आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’, यंग झिंगारो ट्रेकर्सचं ‘सांगाती सह्याद्रीचा’ ही नावं डोंगरात फिरणाऱ्या कुणालाही विचारा, त्याच्या तोंडी असतात. इंग्रजी चालत असेल तर हरीश कपाडियांचं ‘ट्रेक द सह्याद्रीज’ आहे. घाणेकरांकडे इतिहास आणि स्थलवर्णन जास्त, पाळंद्यांकडे वाटांचा तपशील जास्त. पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबानं दोन्ही घ्यायची गरज नाही. मुलं बरोबर असतील आणि गडावर गेल्यावर ‘हे काय, ते काय’ असं विचारणारी असतील तर घाणेकर. घाटवाटा जोडत चालायचं असेल तर पाळंदे.

किमतीचा ठोकळ हिशोब सोपा आहे. नव्या मराठी पुस्तकाला आज पानामागे सव्वा ते पावणेदोन रुपये पडतात. त्यामुळे तीनशे पानांचं पुस्तक पावणेचारशे ते सव्वापाचशेच्या दरम्यान कुठेतरी असतं. रंगीत छायाचित्रं किंवा घडीचे नकाशे असले की आकडा वर जातो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, हे लक्षात ठेवा. कुणी बिलात पुस्तकावर कर लावला तर तो द्यायचा नाही. ई-बुकावर मात्र कर आहे : छापील प्रतही निघालेली असेल तर ५ टक्के. प्रदर्शनात किंवा थेट प्रकाशकाकडे दहा टक्के सवलत बहुधा मागितली की मिळते. मोठ्या ऑनलाइन दुकानात कधी त्याहून जास्त मिळते, पण तिथे आवृत्ती कोणती येईल याची खात्री नसते, आणि मार्गदर्शक पुस्तकाचा सगळा जीव त्या आवृत्तीतच असतो.

म्हणून पैसे देण्याआधी पुस्तकाचं मुखपृष्ठ नव्हे, त्यामागचं पान उघडा, जिथे प्रकाशकाचा पत्ता आणि सालं असतात. ‘पाचवी आवृत्ती’ असं असेल तर मजकुराला हात लागला असण्याची शक्यता आहे. ‘पुनर्मुद्रण’ असेल तर जुनंच परत छापलंय. ऑनलाइन घेताना विक्रेत्याला या पानाचा फोटो मागा. चांगला विक्रेता पाच मिनिटांत पाठवतो. पाठवायला कांकू करणाऱ्याकडून घेऊ नका.

आवृत्ती एवढी महत्त्वाची का, ते आपल्याच जवळच्या दोन गडांवरून समजेल. पावागड बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. चांपानेर-पावागडला २००४ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वरच्या कालिकामातेच्या मंदिराचं नूतनीकरण होऊन ते २०२२ मध्ये खुलं झालं. त्यासोबत पायऱ्या आणि माथ्यावरची रचनाही बदलली. त्याआधीचं पुस्तक हातात घेऊन गेलात तर माथ्यावरचं वर्णन आणि समोरचं दृश्य जुळणार नाही. साल्हेरचंही तसंच होणार, असं मला वाटतं. शिवकालीन बारा किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं, त्यांत साल्हेर आहे. वारसास्थळ म्हटलं की रस्ते, फलक, तिकीट, मुक्कामाचे नियम यांत फेरफार होत राहतात. या दोन्ही ठिकाणांसाठी दहा वर्षांपूर्वीचं पुस्तक इतिहासापुरतं वाचा, जाण्यायेण्यासाठी नको.

पुस्तक हातात आलं की साल्हेरचं पान काढून तपासा. १५६७ मीटरचा हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. चांगल्या पुस्तकात इथल्या दोन वाटा स्वतंत्रपणे दिलेल्या असतात : एक साल्हेरवाडीहून, दुसरी वाघांब्याहून साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीतून. माथ्याजवळच्या गुहा, गंगासागर तलाव, सर्वोच्च टोकावरचं परशुराम मंदिर यांचा उल्लेख असतोच. पण पाणी कोणत्या महिन्यापर्यंत भरवशाचं, गुहेत किती माणसं झोपू शकतात, खिंडीपर्यंत किती वेळ लागतो, हे लिहिलं आहे का ते बघा. नुसता १६७२ च्या लढाईचा रोमहर्षक वृत्तांत असेल आणि पाण्याचा शब्द नसेल, तर ते पुस्तक उत्तम असेल, मार्गदर्शक नव्हे. ते वाचनालयातून आणा.

बडोदेकराची एक खास अडचण आहे आणि ती एकाही पुस्तकात सुटलेली मला दिसली नाही. ‘कसे जाल’ या मथळ्याखाली सगळे लेखक पुण्याहून किंवा मुंबईहून निघतात : नाशिक, सटाणा, ताहराबाद. आपण येतो सुरतेवरून, सोनगड-आहव्याच्या बाजूनं. पिलाजीराव गायकवाडांनी जिथून सत्ता उभी केली तो सोनगड वाटेतच आहे, तरी किल्ल्यांच्या मराठी पुस्तकांत त्याला क्वचित अर्धं पान मिळतं. तेव्हा ‘कसे जाल’चा भाग आपल्याला नव्यानं लिहावा लागणार हे धरून चला आणि त्यासाठी पुढचा खर्च करा.

नकाशा फुकट, छपाईचे पैसे

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आता नागरिकाला नोंदणी करून पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवता येतात. हे अनेकांना माहीत नसतं आणि ते खासगी ‘ट्रेक मॅप’ला दोनतीनशे रुपये देऊन बसतात. जुन्या क्रमांकपद्धतीत पावागड ४६ एफ या चौकटीत येतो आणि साल्हेर-हातगड-सापुतारा हा पट्टा ४६ एच मध्ये. नव्या खुल्या मालिकेचे क्रमांक निराळे आहेत, पण जुन्या पुस्तकांत आणि गिर्यारोहकांच्या बोलण्यात अजून हेच चालतात.

छपाईचा खर्च असा : ए-३ आकाराची रंगीत प्रत सयाजीगंज-फतेगंजच्या झेरॉक्स दुकानांत साधारण वीस ते चाळीस रुपये, लॅमिनेशन आणखी तेवढंच. संपूर्ण नकाशा लहान करून एका कागदावर बसवू नका. मग प्रमाण बिघडतं आणि अंतरं चुकतात. गडाभोवतीचा भाग मूळ आकारात दोन कागदांवर छापा. लॅमिनेशनपेक्षा मी साधं पारदर्शक पाकीट सुचवीन, कारण कागदावर पेन्सिलीनं लिहिता येतं.

नकाशा वाचायला शिकायला क्लास लावावा लागत नाही. या प्रमाणात नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तपकिरी समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटर उंचीचं. पावागडच्या नकाशावर माचीपासून वरच्या बाजूला पट्टी ठेवा आणि रेषा मोजा. दोन सेंटिमीटरांत दहा रेषा आल्या तर एका किलोमीटरमध्ये दोनशे मीटर चढ आहे. जिथे रेषा एकमेकींत मिसळून तपकिरी डागच दिसतो, तिथे कडा आहे, वाट नाही. मार्गदर्शक पुस्तकातल्या ‘थोडा खडा चढ’ या तीन शब्दांचा खरा अर्थ या मोजणीतून कळतो, आणि आजीला बरोबर न्यायचं की नाही हे घरी बसून ठरवता येतं.

फुकटात आणखी बरंच आहे. डोंबिवलीच्या ट्रेकक्षितिज संस्थेनं किल्ल्यांची माहिती मराठीतून संकेतस्थळावर खुली ठेवली आहे आणि ती अनेक छापील पुस्तकांपेक्षा नेटकी आहे. एकोणिसाव्या शतकातली मुंबई इलाख्याची गॅझेटिअरं डिजिटल स्वरूपात मोफत मिळतात : पावागडासाठी खेडा-पंचमहालचा १८७९ चा खंड, साल्हेरच्या बागलाणासाठी नाशिकचा १८८३ चा, सोनगड आणि गायकवाडी मुलखासाठी बडोद्याचा, तोही १८८३ चाच. ती इंग्रजीत आहेत आणि दृष्टी परक्या राज्यकर्त्याची आहे. मात्र तळी, दरवाजे, तट यांची मोजमापं त्यांत काळजीपूर्वक दिली आहेत. पंचमहाल १८५३ पर्यंत शिंद्यांकडे होता, ही गोष्ट तिथे सविस्तर वाचायला मिळते. पावागड चढणाऱ्या किती मराठी कुटुंबांना ती ठाऊक असते?

नर्मदेची वाट : जुनं पुस्तक केव्हा चालत नाही

बडोद्याच्या सर्वांत जवळची खरी खडतर वाट गडाची नाही, नर्मदेची आहे. चांदोद, नारेश्वर, गरुडेश्वर ही नावं इथल्या मराठी घरांत देवघरातली आहेत. गरुडेश्वरला टेंबेस्वामींची समाधी आहे, तिथे आजोबांच्या काळापासून जाणं-येणं आहे. चैत्रात रामपुरा-तिलकवाडा या उत्तरवाहिनी पट्ट्यातली छोटी परिक्रमा करणारे दर वर्षी वाढताहेत. आणि मग पूर्ण परिक्रमेची पुस्तकं घरात येतात.

मराठीत ती खूप आहेत. गो. नी. दांडेकरांचं ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’, जगन्नाथ कुंट्यांचं ‘नर्मदे हऽऽ हर’, भारती ठाकूर यांचं ‘नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा’. तिन्ही वाचावीत. पण एक सावधगिरी सांगतो, कारण इथे प्रश्न पैशाचा नाही. गोनीदांच्या पुस्तकातली शूलपाणीची झाडी, तिथल्या वाटा, मुक्काम, यांतलं बरंच आता सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर बुडालं, नवं गोरा गावात बांधलं गेलं. हाफेश्वरचं जुनं मंदिरही पाण्यात गेलं. धरणाची उंची १३८.६८ मीटरपर्यंत गेल्यावर पाण्याची रेघ आणखी वर सरकली. त्यामुळे किनाऱ्यानं चालण्याचा जुना क्रम तिथे मोडला आहे आणि परिक्रमावासी लांबच्या वळणानं जातात. जुन्या पुस्तकातून मुक्कामांची यादी उतरवून घेऊन निघणारा माणूस मोठ्या संकटात सापडू शकतो. ही पुस्तकं श्रद्धेनं आणि प्रेमानं वाचा, वाटेचं नियोजन मात्र नुकत्याच परिक्रमा करून आलेल्या माणसाशी आणि घाटावरच्या आश्रमांशी बोलून करा. त्याला पैसे लागत नाहीत.

परिक्रमेवरची खासगीरीत्या छापलेली छोटी पुस्तकंही असंख्य आहेत. पन्नास-शंभर रुपयांची, आश्रमांच्या बाहेर टेबलावर मांडलेली. त्यांत अंतरांचे तक्ते आणि सदावर्तांची नावं असतात. घेताना साल बघा. साल छापलेलं नसेल तर ठेवून द्या.

गोष्टींची पुस्तकं : इथे पैसे वाचवा

आता कादंबऱ्या आणि साहसकथा. गोनीदांच्या दुर्गकादंबऱ्यांपासून सुरुवात करा : राजमाचीवरचा ‘माचीवरला बुधा’, रायगडाची ‘रानभुली’. या पातळ आहेत, वाचनालयात असतात, आणि जुन्या प्रतींनी काहीच कमी होत नाही. ‘दुर्गभ्रमणगाथा’ मात्र विकत घेण्याच्या लायकीचं पुस्तक आहे, कारण ते पुन्हा पुन्हा उघडलं जातं. जुनी प्रत साधारण छापील किमतीच्या निम्म्यात मिळावी. त्याहून जास्त मागणारा विक्रेता ‘दुर्मीळ’ म्हणाला तरी भुलू नका. जे पुस्तक अजून छापलं जातं ते दुर्मीळ नसतं.

गोनीदा १९९८ मध्ये गेले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे त्यांची पुस्तकं २०५८ अखेरपर्यंत मोफत होणार नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर आणि टेलिग्रामवर फिरणाऱ्या त्यांच्या पीडीएफ चोरीच्या आहेत. मराठी प्रकाशक हजार-दोन हजारांच्या आवृत्तीवर जगतो. ही पुस्तकं पुढेही छापली जावीत असं वाटत असेल तर त्या फायली पुढे पाठवू नका.

कायद्यानं मोफत झालेलं मात्र निःसंकोच घ्या, आणि ते थोडं नाही. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा मराठीतला खडतर वाटेचा सर्वांत थरारक वृत्तांत आहे. पेणजवळच्या वरसईचा एक गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघतो आणि १८५७ च्या वणव्यात सापडतो. इथे खरेदीतली एक बारीक गोष्ट आहे. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये हे पुस्तक छापलं तेव्हा मजकुरात बदल केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ ची. स्वस्त पुनर्मुद्रणांत बरेचदा वैद्यांचाच पाठ असतो. प्रस्तावनेत पोतदारांच्या आवृत्तीचा आधार सांगितलेला असेल तर ती प्रत पन्नास रुपये जास्त देऊनही घ्या. गोडसे भटजींचा मूळ सूर तिच्यात आहे.

जिम कॉर्बेट १९५५ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची इंग्रजी पुस्तकं २०१६ च्या आरंभापासून भारतात मुक्त आहेत. म्हणूनच ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’च्या इतक्या स्वस्त प्रती रस्त्यावर दिसतात. पण त्यांच्या मराठी अनुवादांवर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो, ते विकतच घ्यावे लागतात. स्वस्त इंग्रजी प्रत घेताना मधलं कुठलंही पान वाचून पहा. अक्षरं तुटलेली, परिच्छेद गळालेले अशा प्रती सर्रास विकल्या जातात, आणि शंभर रुपयांत अर्धवट पुस्तक घेण्यापेक्षा अधिकृत प्रकाशकाचं अडीचशेचं बरं.

अमेरिकी सरहद्दीच्या कथांचे चाहते बडोद्यात मागच्या पिढीत बरेच होते. फेनिमोर कूपरचं ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ १८२६ चं, झेन ग्रेचं ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ १९१२ चं, जॅक लंडनचं ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ १९०३ चं. तिघांवरचाही हक्क संपला आहे आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ती मोफत आहेत. त्यासाठी एक रुपया खर्च करू नका. लुई लामूर १९८८ मध्ये गेला, तो मुक्त नाही. त्याची पॉकेटबुकं पस्तीवाल्याकडे पन्नास ते दीडशेत मिळतात. पस्तीच्या दुकानात जायचं असेल तर शाळा-कॉलेजच्या परीक्षा संपल्यावर, मे-जूनमध्ये जा. घरं आवरली जातात तेव्हाच चांगला माल येतो. पुस्तकं वेगळी काढून मांडणारा दुकानदार छापील किमतीवर भाव लावतो, न काढणारा वजनावर देतो. दुसऱ्याकडे वेळ लागतो, पण तिथेच मराठी शिकारकथा आणि जुने दिवाळी अंक सापडतात. सुटी पानं असतील तर बाइंडिंगला शंभर-सव्वाशे जातील, ते भावातून वजा करून मागा. कूपर किंवा ग्रे मुलांच्या हाती देणार असाल तर आधी स्वतः चाळा. तिथल्या मूळ रहिवाशांबद्दल त्यांत जे लिहिलंय ते त्या काळच्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या नजरेचं आहे, आणि हे मुलांना सांगितलं पाहिजे.

सयाजीरावांची देणगी वापरा

गोष्टींच्या पुस्तकांसाठी वाचनालयाचा आग्रह मी धरतो, कारण या बाबतीत बडोद्याइतकं नशीबवान शहर थोडं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभारलं. खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरत असत. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी त्या चळवळीचं केंद्र. तिथल्या पोलादी मांडण्या आणि त्यांच्या मजल्यांमधली काचेची जमीन आजही बघण्यासारखी आहे. काच अशासाठी, की वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा. मराठी संग्रह मोठा आहे, आणि आज ज्या पुस्तकांची नवी आवृत्तीच निघत नाही अशी प्रवासवर्णनं तिथे आहेत.

सरकारी ग्रंथालय असल्यानं सभासदत्वाचा खर्च किरकोळ आहे. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो घेऊन जा, आणि पहिल्याच दिवशी पुस्तक मिळेल अशी आशा ठेवू नका. मराठी विभागात विषयवार शोधण्यापेक्षा लेखकाच्या नावानं मागणं सोपं जातं. म्हणून घरून नावांची यादी करून न्या : दांडेकर, घाणेकर, गोडसे. विद्यापीठात शिकणारी मुलं घरात असतील तर हंसा मेहता ग्रंथालयाचा रस्ता त्यांच्यामुळे खुला आहे. तिथे गिर्यारोहणावरची आणि भूगोलाची इंग्रजी पुस्तकं शोधा, ती विकत घ्यायला सर्वांत महाग असतात.

आणि गुजरातीकडे पाठ फिरवू नका. इथल्या मराठी घरांतली नातवंडं मराठी बोलतात, पण शाळेत शिकल्यामुळे गुजराती सराईतपणे वाचतात. त्यांच्यासाठी टपालखर्चाशिवाय, शहरातल्या दुकानात हाताळून घेता येतील अशी तीन पुस्तकं सांगतो. पहिलं काका कालेलकरांचं ‘हिमालयनो प्रवास’. साताऱ्यात जन्मलेले कालेलकर बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक होते. राष्ट्रीय विचारांची ती शाळा बंद पडल्यावर ते १९१२ मध्ये हिमालयात पायी निघाले, सोबत स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर. त्या चालण्यातून आलेलं हे पुस्तक नवजीवन छापतं, आणि नवजीवनच्या किमती आजही कमीच असतात. दुसरं अमृतलाल वेगडांचं ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’, ज्याला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वेगड चित्रकार होते, त्यामुळे त्यांच्या पानांवर घाट, बाया, बैल, होड्या दिसतात तशा दुसऱ्या कुणाच्या दिसत नाहीत. तिसरी ध्रुव भट्टांची कादंबरी ‘तत्त्वमसि’, जिच्यावर ‘रेवा’ हा चित्रपट निघाला. आजोबांनी मोठ्यानं मराठीत दांडेकर वाचून दाखवावेत आणि नातीनं गुजरातीत वेगड, असा एक उन्हाळा कुठल्याही घरात जमू शकतो.

टपाल आणि बेरीज

पुण्याहून एक पुस्तक कुरिअरनं मागवलं तर साठ ते शंभर रुपये जातात, म्हणजे अडीचशेच्या पुस्तकावर पंचवीस ते चाळीस टक्के. हे फार आहे. डाक खात्यानं पुस्तकांची जुनी नोंदणीकृत सेवा २०२४ च्या डिसेंबरात थांबवली तेव्हा वाचकांनी आणि छोट्या प्रकाशकांनी ओरड केली होती. त्यानंतर मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक छापील पुस्तकांसाठी ही सेवा आहे. पार्सल जमिनीवरून येतं, म्हणून वेळ लागतो, पण त्याचा मागोवा ठेवता येतो. विक्रेता आपणहून हा पर्याय देत नाही. फोन करून ‘ज्ञान पोस्टनं पाठवा’ असं सांगावं लागतं.

तीनशे पानांच्या पुस्तकाचं वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरतं. म्हणजे पाच किलोत बारा-तेरा पुस्तकं बसतात आणि दर पुस्तकामागे टपाल नऊ-दहा रुपयांवर येतं. सोसायटीतल्या चार-पाच घरांनी किंवा मंडळानं मिळून मागवावं. दहाच्या वर प्रती एकदम घेतल्या की प्रकाशकही सवलत वाढवून देतो. २०१८ च्या साहित्य संमेलनात पुण्या-मुंबईचे प्रकाशक आपल्या दाराशी आले होते. तसं दर वर्षी होत नाही, त्यामुळे एकत्र मागणी हाच खरा उपाय.

आता चौघांच्या कुटुंबाची साल्हेरच्या फेरीसाठीची बेरीज करून पाहू. तीनशे पानांचं मार्गदर्शक पुस्तक साडेचारशेचं, दहा टक्के सवलतीनं ४०५. नकाशाची पीडीएफ मोफत, दोन ए-३ प्रती आणि पाकिटं मिळून १४०. गोनीदांची एक जुनी कादंबरी ८०. एकत्र मागणीतला टपालाचा वाटा २०. एकूण ६४५ रुपये. गाडीनं जाऊन-येऊन साडेसहाशे किलोमीटरला जे इंधन लागतं त्याच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास ही रक्कम आहे. पैसे कमी पडत असतील तर कादंबरी वाचनालयातून आणा, नकाशाचं पाकीट टाळा. मार्गदर्शक पुस्तकात काटछाट करू नका.

दिवाळीच्या सुट्टीत निघायचं असेल तर मागणी सप्टेंबरच्या अखेरीला नोंदवा. ऑक्टोबरात दिवाळी अंकांमुळे प्रकाशकांची पार्सलं रेंगाळतात. आणि पुस्तक आल्यावर निघण्याआधी निदान आठवडाभर तरी हाताशी असायला हवं. सुरत-आहव्याकडून येणारी आपली वाट नकाशावर पेन्सिलीनं आखायची आहे, शेवटच्या पेट्रोल पंपाची आणि पाण्याची जागा विचारून घ्यायची आहे, आणि ते सगळं ‘कसे जाल’च्या पानावर, समासात लिहून ठेवायचं आहे.